भुकटी सांपडली, फीत राहिली

विजेच्या तारेचा विचार आपण सहसा ती तुटल्यावर करतों. एरव्हीं ती खांबांवरून लोंबत असते, तिच्यावर पोपट आणि होले येऊन बसतात, घरांत दिवा लागतो, आणि तिचें काम झालें असें आपण धरून चालतों. वरूडच्या आसपास ज्यांच्या संत्र्यांच्या बागा आहेत त्यांस मात्र असें निश्चिंत राहतां येत नाहीं. येथें पाणी खोल गेलें आहे. भूजलाच्या उपशाच्या बाबतींत हा तालुका गेलीं कित्येक वर्षें अतिशोषितांच्या यादींत गणला जात आला आहे. आंबिया बहाराचीं कोंवळीं फळें ऐन उन्हाळ्यांत झाडावर असतात, आणि त्याच दिवसांत रोहित्रापासून, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेंत डी. पी. पासून, लांब पडलेल्या शेतांतला पंप कण्हत कण्हत चालतो. तारेच्या शेवटच्या टोंकास व्होल्टेज पुरेसें पोंचत नाहीं. तें कमी पडलें म्हणजे तेंच पाणी उपसण्यासाठीं मोटार अधिक प्रवाह ओढते. प्रवाह वाढला कीं तारही तापते आणि मोटारीचें वाइंडिंगही तापतें. तारेंतील प्रवाह दुप्पट झाला तर उष्णतेच्या रूपानें वाया जाणारी वीज चौपट होते, एवढें एक सूत्र ध्यानांत ठेवलें तरी वाइंडिंग जळण्याचें कारण उमगतें.

मग जिच्यांत वीज मुळींच वाया जात नाहीं अशी तार नसेलच काय? ती आहे. निदान तसा पदार्थ आहे, हें जगास १९११ पासून ठाऊक आहे. हॉलंडमधील लायडेन येथें कॅमर्लिंघ ओनेस यांनीं १९०८ सालीं हेलियम वायु द्रवरूप केला आणि तीन वर्षांनीं त्या द्रवाच्या थंडींत पारा घालून पाहिला. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे आपल्या नेहमींच्या शून्याखालीं २७३ अंशांच्या, वर अवघ्या चार अंशांवर पारा आला तेव्हां त्याचा विजेस होणारा रोध हळूहळू कमी न होतां एकाएकीं नाहींसाच झाला. अशा पदार्थांस अतिवाहक किंवा सुपरकंडक्टर म्हणतात. पुढें निओबियम आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूच्या लवचिक अतिवाहक तारा होऊं लागल्या. ज्या वाचकांनीं नागपुरास गुडघ्याची किंवा मणक्याची एम्. आर. आय. तपासणी करून घेतली असेल, ते बहुधा अशाच तारेच्या भल्यामोठ्या वेटोळ्याच्या पोटांत अर्धा तास पडून आले आहेत. त्या वेळीं त्यांस हें कोणी सांगितलें नसावें, आणि सांगितलें असतें तरी त्या खडखडाटांत ऐकूं आलें नसतें. परंतु तें वेटोळें द्रव हेलियमनें थंड ठेवावें लागतें. हेलियम महाग, आणि मिळण्यास कठीण.

यांतून वाट निघाली ती १९८६ सालीं. झूरिकजवळच्या प्रयोगशाळेंत बेडनॉर्झ व म्यूलर या दोघांस धातूंत नव्हे, तर तांब्याच्या एका संमिश्र ऑक्साइडांत निरपेक्ष शून्यावर तीस अंशांच्याही पुढें अतिवाहकता आढळली. दुसऱ्याच वर्षीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें; इतकी त्वरा त्या समितीनें क्वचितच दाखविली असेल. १९८७ च्या प्रारंभीं अमेरिकेंत चू आणि वू यांच्या मंडळींनीं इट्रियम, बेरियम आणि तांबें यांच्या ऑक्साइडांत हीच मर्यादा ९३ अंशांपर्यंत नेली. या आंकड्याचें महत्त्व असें कीं नत्रवायु ७७ अंशांवर द्रव होतो. हेलियमची गरज संपली. ज्या हवेंत आपण श्वास घेतों तिचा शेंकडा ७८ भाग असलेला वायु पुरेसा झाला. आणि हा द्रव नत्रवायु वरूडसारख्या गांवांसही नवा नाहीं. गुरांच्या दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठीं गोठविलेलें वीर्य ज्या कॅनमध्यें ठेवतात, त्यांत हाच शून्याखालीं १९६ अंशांचा द्रव असतो. झांकण काढतांच जें पांढरें धुकें बाहेर सांडतें तें त्याच्याच थंडीचें.

या शोधाच्या धांदलींत आपला देश मागें नव्हता, हें आम्हांस मुद्दाम सांगावेंसें वाटतें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत सी. एन्. आर. राव आणि गांगुली हे तांब्याच्या अशा ऑक्साइडांचा अभ्यास पूर्वींपासूनच करीत होते. इट्रियमच्या त्या मिश्रणांत नेमकें कोणतें संयुग अतिवाहक आहे हें ओळखणाऱ्या पहिल्या मंडळींत १९८७ सालीं त्यांचें नांव होतें. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ट्रॉम्बेचें भाभा अणुसंशोधन केंद्र येथेंही त्याच काळांत हें काम सुरू झालें. पुढें १९९४ सालीं टाटा संस्थेंतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनीं इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगांत बारा अंशांवर अतिवाहकता दाखविली. बारा अंश ही मर्यादा मोठी नव्हे, पण पदार्थांचें एक नवेंच कूळ तिनें उघडलें. त्यांतील गंमत अशी कीं मूळच्या नमुन्यांत अतिवाहकतेची नुसती चाहूल लागत होती; कार्बन मुद्दाम मिसळल्यावर ती साऱ्या पदार्थभर पसरली. चिमूटभर मिठानें भाजीला चव यावी तसा हा प्रकार.

येथपर्यंतची कथा भुकटीची आहे. इट्रियम, बेरियम आणि तांबें यांचीं संयुगें खलांत घोटून एकजीव करावीं, भट्टींत नऊशे अंशांच्या वर भाजावीं, प्राणवायूंत सावकाश निवूं द्यावीं, म्हणजे एक काळी वडी तयार होते. तिच्यावर द्रव नत्रवायु ओतला कीं लहानसें चुंबक तिच्या वर अधांतरीं तरंगतें. चांगल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत हा प्रयोग होण्यासारखा आहे, आणि पाहणारा तो जन्मभर विसरत नाहीं. पण वडी म्हणजे तार नव्हे. ही वडी भाजलेल्या मातीच्या जातीची, कपबशीच्या कुळांतली. सोनार लहान लहान होत जाणाऱ्या भोंकांतून चांदीची तार ओढतो, ती लांबत जाते. ही वडी ओढूं गेलें तर तिचा चुरा होतो.

आणि ठिसूळपणा ही तर पहिलीच अडचण. खरी अडचण आंत आहे. ही वडी असंख्य बारीक कणांची असते, आणि एका कणांतून दुसऱ्या कणांत वीज सुखानें जावयाची तर दोन्ही कणांची घडण एकाच दिशेस वळलेली असावी लागते. अमेरिकेंतील आय. बी. एम्. च्या प्रयोगशाळेंत डिमॉस, प्रवीण चौधरी, मॅनहार्ट यांनीं १९८८ सालीं दाखवून दिलें कीं दोन शेजारी कणांमध्यें दहाएक अंशांचा तिरपेपणा आला कीं त्यांमधून जाणारा प्रवाह झपाट्यानें ढांसळतो. हे प्रवीण चौधरी मूळचे पंजाबचे, खरगपूरच्या तंत्रविद्येच्या संस्थेचे विद्यार्थी. म्हणजे तार किलोमीटरभर लांब पाहिजे, आणि तिच्यांतील कोट्यवधि कण पंगतींत मांडलेल्या पाटांसारखे एका रेषेंत, एका तोंडानें बसलेले पाहिजेत. वडी भाजणारास हें कोठून साधावें?

यावर दोन तोडगे निघाले, आणि दोहोंचें वर्म आमच्या भगिनींस शास्त्रज्ञांपेक्षां लवकर कळेल. पहिला तोडगा पुरणपोळीचा. १९८८ सालीं जपानांत माएदा यांनीं बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबें यांचें ११० अंशांपर्यंत टिकणारें ऑक्साइड शोधलें. त्याची भुकटी चांदीच्या नळींत ठासून भरतात. नळी ओढून बारीक करतात. अशा अनेक बारीक नळ्या पुन्हां एका नळींत भरून ओढतात. मग लाटून चपटी फीत करतात आणि आठशे अंशांच्या वर भाजतात. या बिस्मथाचे कण पत्र्यासारखे चपटे असल्यामुळें लाटतां लाटतांच ते पुष्कळसे आडवे निजतात. उंडा लाटतांना पुरण कडेपर्यंत सारखें गेलें पाहिजे आणि पारी कोठेंही फाटतां कामा नये, हीच येथील कसोटी. चांदी घेण्याचें कारण श्रीमंती नव्हे. ती भुकटीशीं भांडत नाहीं, आणि भाजतांना प्राणवायूस आपल्या अंगांतून जाऊं देते. दुसऱ्या धातूंस हें जमत नाहीं. पण चांदी ती चांदीच. फितीचा मोठा भाग चांदीचा असला तर ती स्वस्त कोठून होणार?

दुसरा तोडगा कल्हईचा. निकेलच्या मिश्रधातूची, केसाएवढ्या जाडीची लांबलचक पट्टी घ्यावयाची, तिच्यावर एकावर एक अत्यंत पातळ थर चढवावयाचे, त्यांवर इट्रियमच्या जातीच्या अतिवाहकाचा एकदोन मायक्रॉनचा लेप द्यावयाचा, आणि शेवटीं चांदीचें व तांब्याचें आवरण. भांडें नवसागरानें नीट उजळलें नसेल तर कल्हई धरत नाहीं. तसेंच येथें खालचे थर नीट बसले नसतील तर वरचे कण हव्या त्या दिशेस वळत नाहींत. हे थर एका दिशेस लावण्याची एक रीत जपानांतील फुजिकुरा कंपनीच्या इजिमा यांनीं १९९१ च्या सुमारास काढली: थर बसत असतां त्यावर तिरप्या कोनांतून विद्युत्-भारित कणांचा मारा करावयाचा, म्हणजे वेडेवांकडे कण उडून जातात आणि हवे तेच राहतात. दुसरी रीत अमेरिकेंतील ओक रिज येथें अमित गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विकसित केली. तींत मूळ पट्टीच अशी लाटतात आणि भाजतात कीं तिचे कण आपोआप रांगेंत येतात. अशी चार मिलिमीटर रुंद, कागदासारखी फीत द्रव नत्रवायूंत शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह बिनबोभाट नेते. तेवढ्याच जाडीची तांब्याची पट्टी इतका प्रवाह सोसूं शकणार नाहीं.

पण हें सारें एका वितीवर साधणें निराळें आणि किलोमीटरभर साधणें निराळें. मधेंच कोठें दोनचार मिलिमीटर लेप बिघडला तर त्या जागीं रोध उत्पन्न होतो, ती जागा तापते, आणि बाकीचे नऊशें नव्याण्णव मीटर निर्दोष असूनही फीत तेथें जळते. म्हणून १९८७ च्या भुकटीपासून बाजारांत विकत मिळणाऱ्या लांब फितीपर्यंत यावयास दोन तपें लागलीं. २०२१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठाच्या मंडळींनीं अणुसंमीलनाच्या भट्टीसाठीं वीस टेस्ला शक्तीचें चुंबक चालवून दाखविलें. त्या एका चुंबकांत २६७ किलोमीटर फीत गुंडाळली होती. एवढी मागणी आली तेव्हां कारखाने वाढले. ते जपानांत आहेत, चीनमध्यें आहेत, अमेरिका, कोरिया, रशिया व जर्मनी येथें आहेत.

आपण वऱ्हाडांतल्या लोकांनीं ही यादी वाचतांना थोडें थांबावें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते ६५ या वर्षांत, मँचेस्टरच्या गिरण्यांस आमच्या काळ्या मातींतला कापूस हवाहवासा झाला. गांठी येथून गेल्या आणि कापड तेथून आलें. कापूस पिकविणें आणि सूत कातणें यांच्या मध्यें जें अंतर होतें त्यांतच सारा नफा होता. भुकटी आणि फीत यांच्या मध्यें तसेंच अंतर आहे. भुकटीला तल्लख डोकें आणि एक भट्टी पुरते. फितीला मोठीं निर्वात यंत्रें लागतात, वर्षानुवर्षें तोच लेप तसाच चढविणारे कारागीर लागतात, आणि मुख्य म्हणजे ‘मला इतके किलोमीटर पाहिजेत’ असें आगाऊ सांगणारा गिऱ्हाईक लागतो. गिऱ्हाईक असला म्हणजे आपल्याकडेही जमतें. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेस मोठ्या चुंबकांसाठीं निओबियम-टायटेनियमच्या तारांचे जाड वाहक हवे होते. ते करण्याची विद्या ट्रॉम्बेच्या केंद्रानें कमावली. जुन्या जातीच्या अतिवाहकाचें सूत आपण काततों. नव्या जातीच्या भुकटींत आपण पहिल्या रांगेंत बसलों होतों, आणि फितीच्या वेळीं मात्र उठून गेलों, हें आम्हांस खटकतें. निबंध छापून आला कीं काम संपलें, असें मानण्याची जी संवय आपल्या विद्वानांस आहे तिचा यांत वाटा आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां कोणी विचारील, ही फीत वरूडच्या बागेंत केव्हां येईल? आमचें उत्तर, येऊं नये. हिशेब मांडून पाहा. फीत कितीही निर्दोष असली तरी ती थंड ठेवणारी नळी बाहेरची उष्णता थोडीथोडी आंत घेतेच. मीटरामागें एखादा वॉट धरावा. पांचशें मीटरांच्या नळींत पांचशें वॉट शिरले. आंत शिरलेला एक वॉट बाहेर काढण्यास शीतयंत्रास प्रत्यक्षांत दहा ते वीस वॉट खर्चावे लागतात. म्हणजे पांच ते दहा किलोवॉट, आणि तेही रात्रंदिवस, पंप चालू असो वा बंद. पांच अश्वशक्तीचा पंप स्वतः चारएक किलोवॉटांवर चालतो. गळक्या घागरीला सोन्याचा पत्रा लावण्यासारखेंच तें होईल. शिवाय लांबच्या वाटेवरची गळती थांबविण्याचा जुना उपाय अजून चांगला आहे: व्होल्टेज वाढवावें, म्हणजे तीच वीज थोड्या प्रवाहांत जाते. चंद्रपूरहून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत सुमारें ७५० किलोमीटर लांब, ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून आहे. १५०० मेगावॉट वीज नेण्याची तिची योजना याच तत्त्वावर आहे. शेतापर्यंत उच्चदाबाची तार नेऊन एकदोन पंपांस मिळून लहानसें रोहित्र देण्याची महावितरणची पद्धति तेंच तत्त्व धाकट्या प्रमाणावर वापरते. आणि २०१७ पासून सौर कृषि वाहिनीची जी योजना निघाली तिच्यांत तर वीज शेताच्या जवळच करावी असा विचार आहे. बागेला उत्तम तार म्हणजे आंखूड तार.

फितीची जागा अरुंद आणि गर्दीच्या ठिकाणीं आहे. जेथें नवे मनोरे उभारण्यास जमीन नाहीं, रस्त्याखालीं दुसरा जाड केबल घालण्यास वाव नाहीं, आणि विजेची मागणी तर दर वर्षीं वाढते, तेथें एका बारीक नळींतून भरमसाट प्रवाह नेणारी वस्तु शीतयंत्राचा खर्च भरून काढते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर २००८ सालीं सहाशें मीटरांची, जर्मनींत एसेन शहरीं २०१४ सालीं एक किलोमीटरची, आणि शांघायमध्यें २०२१ सालीं सव्वा किलोमीटरच्या जवळपासची अतिवाहक वाहिनी चालू झाली. एसेनच्या वाहिनीनें १० किलोव्होल्टवर ४० मेगावॉट नेण्याची सोय केली. नेहमींच्या केबलला तेवढ्यासाठीं ११० किलोव्होल्ट आणि त्याबरोबर भर शहरांत मोठें उपकेंद्र लागलें असतें. आपल्याकडे असें ठिकाण म्हणजे मुंबई. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं तिची वीज गेली, लोकल जागच्या जागीं उभ्या राहिल्या, आणि बाहेरून शहरांत वीज आणण्याच्या वाटा किती थोड्या आहेत हें साऱ्या महाराष्ट्रास कळलें. त्यानंतर कुडूस ते आरे अशी १००० मेगावॉटची वाहिनी हातीं घेण्यांत आली, ती पुष्कळशी जमिनीखालून, साध्या केबलची. पुढची वाहिनी फितीची असूं शकेल. पण ती फीत कोठें लाटलेली असेल हा प्रश्न राहतोच.

हा प्रश्न सध्यां वरुडांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं निराळ्या रूपानें उभा आहे. घरांत तीन भावांचा संसार एकत्र, उत्पन्न बागेचें. मधल्या भावाचा मुलगा अमरावतीच्या विद्यापीठांतून पदार्थविज्ञानांत एम्. एस्सी. झाला. त्याला पुण्यास संगणकाच्या कंपनींत नोकरी मिळत आहे, आणि त्याच्या मनांत मात्र याच फितींवर संशोधन करावयाचें आहे. या वर्षीं फळगळ फार झाली. थोरल्या काकांचें म्हणणें असें कीं हातचा पगार सोडूं नये, पोरानें भुकट्या भाजीत पांच वर्षें काढलीं तर धाकट्या बहिणींच्या शिक्षणाचें काय? काकांचें चुकतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. मुलाचेंही चुकत नाहीं. संशोधनवृत्ति मिळाली तरी ती पुण्याच्या पगाराच्या मानानें थोडी, आणि त्यांतून घरीं पाठविण्यास फारसें उरत नाहीं, हें दोघांसही ठाऊक आहे.

आमचा सल्ला त्यांनीं विचारला म्हणून लिहितों. मुलानें प्रवेश घेण्यापूर्वीं त्या प्रयोगशाळेंत समक्ष जावें, निबंधांची यादी पाहूं नये, आणि मार्गदर्शकांस एवढेंच विचारावें कीं येथें आजवर सर्वांत लांब फीत किती लांबीची झाली, आणि ती विकत कोण घेणार आहे. उत्तर सेंटिमीटरांत आलें तर काकांचें ऐकावें, पुण्यास जावें, आणि पैसा शिल्लक टाकून दोन वर्षांनीं पुन्हां चौकशी करावी. उत्तर मीटरांत आलें आणि गिऱ्हाइकाचें नांवही निघालें, तर काकांनीं धाकट्या मुलींच्या फीची व्यवस्था या वर्षीं मृग बहारावर लावावी, आणि मुलाच्या पगाराचा विषय तीन वर्षें जेवणाच्या पानावर काढूं नये.